माझ्या आईची केळ

अकरा पावलं.

सकाळी काठापासून केळीच्या बेटापर्यंत एवढं अंतर होतं. दुपारी पुन्हा मोजायला गेले, तर माझी सकाळची पावलं जिथे उमटली होती ती जमीनच नव्हती. मारखम नदी बुडवत नाही. खालून कुरतडते.

बेटात घड उतरवलेलं आई-झाड आणि त्याच्या बुडातून फुटलेली दोन पिल्लं, मुनवे. ही केळ आता दुसरीकडे कुठेच उरलेली नाही. लग्नात मी ती पाठीवरून आणली, माझ्या आईने तिच्या लग्नात. रानकेळीत काळे, खड्यासारखे दाणे असतात, ते वटवाघळं पेरतात. आमचीत दाणा नाही. कुणी उचलून नेलं तरच ती पुढे जाते.

सव्वीस दिवसांनी माझी रोझिना सासरी जाणार. तिच्या पाठीवर काय देऊ?

सात पावलं.

"मी खाली बेटात उतरते," मी म्हणाले.

"तू?" माझी नणंद नामून हसली. "वहिनी, तू पाय ठेवलास की नदीला कष्टच नकोत."

"मग तुम्ही जाता का, वन्सं?"

"तुझ्या आईकडची केळ. मी हात लावला तर गाव थुंकेल माझ्यावर."

राहिली रोझिना. काडीसारखी, पण आठ वर्षं लाए शहरातल्या वसतिगृहात वाढलेली. तिला केळ माहीत होती ती नारळाच्या दुधात शिजलेली.

"एकच काढ आणि फिर," मी तिच्या कमरेला दोर बांधला. दुसरं टोक आम्ही दोघींनी धरलं.

कोणता काढायचा, ते सांगितलं नाही. ते का सांगायचं असतं?

चार.

तिने पहार लावली ती रुंद पानांच्या मुनव्याला. दिसायला गुबगुबीत. पण तो आईला नीट चिकटलेलाच नसतो, वाढतो नुसता, धरतो बोटभर केळी. शेजारचा बारीक, सुरीच्या पात्यासारख्या पानांचा, केविलवाणा. तोच खरा.

"तो नको! बारीक पानाचा!"

नदीने माझा आवाज खाल्ला. रोझिनाने कानाशी हात नेला.

नामूनने एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या नाकावरून फिरवलं. "तुझ्या आईच्या नाकासारखा! पातळ!"

रोझिनाला कळलं. अशा वेळी हसलीसुद्धा. पहार उपसून तिने पलीकडे पाऊल टाकलं.

तिच्या मागे जमिनीत भेग.

"वन्सं, ओढा!"

पोट खरचटत ती वर आली. हाताला लागलं ते तिने घट्ट धरलं होतं: आधीच सैल झालेला रुंद पानांचा मुनवा. मागे आई-झाड, कुशीतल्या बारीक मुनव्यासकट, थोडा वेळ पाण्यात उभंच चाललं. मग आडवं झालं.

काठ.

"चुकलं ना, आई?"

"हो."

नामूनने सुरी काढली आणि पानं, खोड, सगळं कंदापर्यंत छाटून टाकलं.

"आत्या!" रोझिना किंचाळली.

"ठेवला असता तर नुसता मिरवला असता. छाटलं की खालचा डोळा जागा होतो, खरा कोंब फुटतो." तिने सुरी पुसली. "झाला तर."

हात लावायचा हक्क तिला नव्हता. मी घरामागे खड्डा केला आणि कंद पुरला.

सव्वीस दिवस.

रोज सकाळी बोटाने माती बाजूला करायची. डोळा मिटलेलाच. लग्नाच्या दिवशी रोझिना विणलेल्या झोळीत तो बोडका गोळा पाठीवर घेऊन निघाली. नवऱ्याकडच्या बायका झोळीत डोकावल्या.

"सुरण आणलंय का गं?"

रोझिनाने मान वर केली नाही. झोळी मात्र दोन्ही हातांनी धरली.

एक बोट.

फोन तुटत तुटत आला.

"आई, टोक आलंय! आज पानही उघडलं."

"रुंद की..."

गेला. मी टेकडीकडे धावले, वर आवाज येतो. मागून नामून धापा टाकत. "लागला? लाग म्हणावं मेल्याला!"

वाजला.

"आई, ऐकतेस? तुझं नाक आलंय!"

 नामूनने फोन हिसकावला.

"पोरी, बुडात पाणी साचू देऊ नकोस. आणि दुसरा येईल तो तुझ्या आईला पाठव. जागा मी बघून ठेवलीय. काठापासून दोनशे पावलं. माझ्या पायांची, तिच्या नव्हे."