देवळातलं पातं

चंद्रकुमारच्या घरचा पंखा अखेर सरळ फिरू लागला, पाहुणे खूश झाले आणि सोयरीक पक्की झाली.

असं काही झालंच नाही असं आपण धरून चालू, कारण चंद्रकुमारही गेले पंधरा दिवस तसंच धरून चालायचा प्रयत्न करतो आहे. तेव्हा पंखा डोलतो आहे, आज शुक्रवार आहे, आणि रविवारी दिघोरीचे मारोतराव घर पाहायला येणार आहेत. त्यांची मुलगी दीपमाला चंद्रकुमारला पसंत होती, तिला तो चालण्यासारखा होता. पसंत पडायचं राहिलं होतं ते घर.

घर दाखवण्यासारखं व्हावं म्हणून त्यानं बांबूला झाडू बांधून जाळी काढायला घेतली, आणि उकडतं म्हणून पंखा चालूच ठेवला. पुढचं बांबूला विचारावं. एक पातं वाकलं आणि पंखा असा डोलू लागला, की खाली बसलेला माणूसही थोड्या वेळानं मान हलवू लागे, जसं काही त्याला सगळं पटतंय.

"काय बाप्पा," त्याची माय शकुनबाई म्हणाली, "हा पंखा हाय का पाळणा? याच्याखाली व्याह्याले बसवशील, तर तो पोरगी देईन का पळून जाईन?"

"करतो ना नीट, माय. मले येते."

येत होतं हे खरं. अड्याळजवळच्या त्या गावात लाईटचं कुणाचंही काम तोच करायचा. त्यानं पातं ठोकून पाहिलं, वॉशर चिकटवले, दांडा आवळला. प्रत्येक उपायानंतर पंख्यानं फक्त डोलायची दिशा बदलली. दुकानदार म्हणाला, पाती तीनच्या तीन येतात, तीही मंगळवारी. नवा पंखा आणणं म्हणजे आपल्याला येत नाही हे मायसमोर कबूल करणं. ते शक्य नव्हतं. शक्य होतं ते एकच: देवळाच्या मंडपात अगदी तोच पंखा होता, त्याच कंपनीचा, त्याच रंगाचा.

तो शिडी आणि कापडात गुंडाळलेलं आपलं वाकडं पातं घेऊन देवळात गेला. समितीचे अध्यक्ष यादोराव मंडप झाडत होते.

"काय झालं रे चंदू?"

"काही नाही काकाजी. ग्रीस टाकतो."

"थांब मंग. शिडी हालून राहिली. मी धरतो."

सत्तरीचा माणूस दोन्ही हातांनी शिडी धरून उभा राहिला. "सांभाळून बेटा, पडू नको," असं तो खालून सांगत होता, आणि वर चंद्रकुमार देवळाचं पातं काढून घरचं वाकडं पातं बसवत होता. कापडात गुंडाळलेलं एक पातं वर गेलं, कापडात गुंडाळलेलं एक पातं खाली आलं. यादोरावांनी विचारलंही नाही. उलट त्यांनी त्याला खोबऱ्याचा प्रसाद दिला.

देवळाला पंखा दिला की पात्यांवर नाव रंगवतात, खालून वाचता यावं म्हणून खालच्या अंगाला. चंद्रकुमारच्या मनात 'सप्रेम भेट' लिहिलेलं पातं काढायचं होतं. दोन दिवस प्रेम नसलं म्हणून देवाचं काही अडत नाही. पण वर चढल्यावर हात लागून पंखा फिरला आणि अंदाज चुकला. घरी येऊन पातं उलटं केलं तर त्यावर लिहिलेलं: 'कै. पंचफुलाबाई यादोराव'.

यादोरावांची बायको. जाऊन तीन वर्षं झाली होती.

तो तसाच खाली बसला. परत जाऊन काय सांगणार? मग डोक्यात आलं, फिरत्या पंख्यावरचं नाव कुणाला वाचता येत नाही. दोन्ही पंखे रविवारपर्यंत बंदच करायचे नाहीत. देवळातल्या बटनावर त्यानं चिठ्ठी चिकटवली: 'ग्रीस पसरत आहे. डोलला तरी बंद करू नये.' आणि यादोराव, ज्यांनी जन्मात कुणावर संशय घेतला नव्हता, पोरासोरांनी बटनाला हात लावू नये म्हणून तिथंच राखणीला बसले.

रविवारी मारोतराव आले. चंद्रकुमारला वडील नव्हते, म्हणून शकुनबाईनं घरातला मोठा माणूस म्हणून यादोरावांनाच बोलावलं होतं. ते धुतलेलं धोतर नेसून बरोबर पंख्याखाली बसले. पंखा गुपचूप, सरळ फिरत होता.

"पोरगा हुशार हाय," यादोराव सांगत होते. "देवळाचं सगळं काम फुकट करते. परवाच..."

आणि लाईन गेली.

लाईन गेली की माणूस वर पाहतो. सगळ्यांनी पाहिलं. पंखा हळू झाला, आणखी हळू झाला. चंद्रकुमारनं आयुष्यात पहिल्यांदा वीजवाल्यांसाठी मनापासून प्रार्थना केली. पंखा थांबला.

"कैलासवासी पंचफुलाबाई," मारोतरावांनी मोठ्यानं वाचलं. "ह्या कोण?"

शकुनबाईच्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. यादोराव वर पाहत होते. खूप वेळ पाहत होते.

"माही बायको," ते म्हणाले. "या पोट्ट्यावर लय जीव होता तिचा. मीच म्हनलं, एक पातं तुह्या घरी लाव."

"वा!" मारोतराव म्हणाले. "अशी माणसं राहिली नाही आता." त्यांनी पोहे घेतले, परत मागितले आणि तारीख काढायला सांगितली. चंद्रकुमार मान खाली घालून बसला होता. पाहुण्यांना वाटलं, लाजतो आहे. ते खरंच होतं.

पाहुणे जाताच तो पातं घेऊन देवळात धावला. मागोमाग आलेल्या यादोरावांनी शिडी धरली.

"काकाजी, मी..."

"वर पाहा आधी. पडशील."

तेवढंच. पातं बसलं, नाव परत आलं, आणि यादोरावांनी त्याला खोबऱ्याचा प्रसाद दिला. तो प्रसाद चंद्रकुमारच्या घशाखाली अजून गेलेला नाही. शिव्या दिल्या असत्या, कानाखाली वाजवली असती, तर तो त्या रात्री झोपला असता.

म्हणून त्यानं अर्ज केला. पहिला अर्ज यादोरावांनी चष्मा लावून वाचला, घडी घातली आणि कापसाच्या वातींच्या डब्यात ठेवला. दुसराही तिथंच गेला. तिसरा त्यानं आज दिला आहे:

'प्रति, मा. अध्यक्ष, मंदिर समिती. विषय: अर्जदारास चोर म्हणण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयी दोन अर्ज प्रलंबित आहेत. तरी येत्या शनिवारी भजनापूर्वी, सर्व गावकऱ्यांसमक्ष, आपण स्वतः अर्जदारास एकदा चोर म्हणावे. माईकची व्यवस्था अर्जदार करील. अर्जदार लहान आहे, चांगला आहे, पंचफुलाबाईंचा लाडका होता, ही कारणे ग्राह्य धरू नयेत, ही नम्र विनंती.'