चर्चेला आलेला पोस्टमन

सिस्टरनी माइक तोंडाजवळ नेला आणि पुन्हा लांब धरला. पहिल्या रांगेतून भाचीने हातानेच खुणावलं, जवळ, अजून जवळ. साठ खुर्च्यांपैकी निम्म्या भरल्या होत्या.

नर्सची नोकरी संपली तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. यजमान गेल्यावर त्यांच्या स्मरणार्थ त्यांनी संस्था काढली आणि अठरा वर्षं आजाऱ्यांना खाटा, व्हीलचेअर, वॉकर वापरायला दिले. आता भाची म्हणत होती, नुसत्या वस्तू देऊन भागायचं नाही.

"आजारपणाचा विषय निघाला की लोकांना आधी आपली आठवण व्हायला हवी, मावशी. त्यासाठी त्यांना बोलतं करायचं."

म्हणून ही जाहीर चर्चा ठेवली होती, घरच्या आजारपणाची जबाबदारी कुणाची, या विषयावर. डॉक्टर बोलले, वकीलबाई बोलल्या. सगळं मुद्देसूद होतं आणि मागे जांभया सुरू झाल्या होत्या. तेवढ्यात एक पोस्टमन उठला. कामावरून तसाच आला होता, गणवेशात.

"तुमची खाट आहे आमच्याकडे. आईसाठी, तीन वर्षं." तो अडखळला. "मला विचारायचं काही नाही. कधीकधी सकाळी तिच्या खोलीचं दार उघडताना वाटतं, आज सुटली असली तर बरं. मग ती हाक मारते, आणि मी चहा ठेवतो."

पुढचे एक गृहस्थ वळून म्हणाले, "आईबद्दल असं बोलवतं तरी कसं?"

डॉक्टर चष्मा पुसू लागले. भाचीने मनगटावर बोट आपटलं, आवरतं घ्या. पोस्टमन उभाच होता. कान लाल झाले होते, पण बसायचं त्याला सुचत नव्हतं.

सिस्टरनी समारोपाचा कागद पालथा घातला.

"मलाही वाटायचं," त्या म्हणाल्या. "यांच्या बाबतीत. शेवटचं वर्षभर, रोज. आणि मी तर नर्स होते."

भाचीचं बोट मनगटावरच राहिलं. मग मागून एका बाईंनी हात वर केला, आणि त्यांचं बोलून व्हायच्या आत दुसऱ्या एकीने.

सभागृह रिकामं होताना भाची वही घेऊन आली.

"मावशी, काकांबद्दलचं ते... बातमीत द्यायचं?"

"दे. त्या पोस्टमनचं नाव मात्र घालू नकोस."

तो दाराशी रेंगाळला होता. सिस्टर त्याच्याकडे गेल्या.

"आत्ता घरी कोण आहे?"

"शेजारच्या वहिनी. सातपर्यंत बसतील."

त्यांनी घड्याळ पाहिलं. सात वाजायला वीस मिनिटं होती. त्यांनी जवळची खुर्ची पुढे ओढली.

"मग बसा की जरा."

तो बसला. त्याही शेजारी बसल्या.