बाईंचं जुनं वाक्य

तिघांची मतं होईपर्यंत कुणी खोलीबाहेर पडायचं नाही, हा त्या न्यायालयाचा जुना रिवाज. न्यायाधीश आत गेले की दाराला आतून कुलूप, किल्ली सर्वांत धाकट्याच्या खिशात. मत द्यायची सुरुवातही त्याच्यापासूनच, म्हणजे थोरल्यांचा चेहरा बघून बोलायला नको. प्रमुखाने शेवटी बोलायचं. प्रमुख होत्या बाई, आणि आज त्यांची चांगलीच गोची झाली होती.

धाकटे म्हणाले होते, माणसाला सोडा. दुसरे म्हणाले होते, सोडता येत नाही. हे दुसरे म्हणजे कोशकार. शब्दकोश काखेत असल्याशिवाय ते कोर्टात बसत नसत, म्हणून वकिलांनी हे नाव पाडलं होतं आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. आता उरल्या होत्या बाई.

खटला एका वेल्डरचा. जहाजावर काम करत बंदरात उतरला, तोवर तिकडे त्याचा देशच मोडला. परत पाठवायचं तर कुठे? म्हणून त्याला बंदरावरच्या कोठडीत ठेवलं, आणि तिथेच त्याचे केस पिकले. गुन्हा काही नाही. घटनेत लिहिलं होतं, कोणत्याही नागरिकाला खटल्याशिवाय डांबता येणार नाही. हा तर कुठल्याच देशाचा नागरिक नव्हता. त्याचा वकील म्हणत होता, माणूस नागरिक व्हायच्या आधी माणूस असतो, मोकळं असण्याचा हक्क तो जन्मताच घेऊन येतो, घटना तो नुसता मान्य करते. तुला काही सांगायचंय का, असं विचारल्यावर वेल्डर एवढंच म्हणाला, “सोडा असं म्हणत नाही. कधीपर्यंत, तेवढं सांगा.” त्या दिवसापासून बाईंना अन्न गोड लागत नव्हतं.

मग द्यायचं होतं सोडून! पण घोडं अडलं होतं ते बाईंच्याच एका वाक्यापाशी.

पूर्वी एका बापाने सज्ञान लेकीला घरात कोंडून ठेवलं होतं. कोर्टात छाती पुढे काढून म्हणाला, लेकीवर बापाचा हक्क निसर्गाने दिलाय, तुमच्या घटनेच्याही आधीचा. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी निकालात लिहिलं, ‘जो हक्क घटनेत लिहिलेला नाही, तो न्यायाधीशाने तिच्यात वाचू नये.’ मुलगी सुटली, वाक्य गाजलं. थोरली बहीण फोनवर म्हणाली होती, “लहानपणापासून तुझं हेच गं. भांडण जिंकलं तरी पुरत नाही, समोरच्याने पुन्हा तोंडच उघडायला नको.” बाईंनी ते कौतुक म्हणून घेतलं होतं. परवा सरकारी वकिलाने तेच वाक्य वाचून दाखवलं, वर अदबीने “आपल्याच शब्दांत” असंही जोडलं. तेव्हा कुठे बाईंना बहिणीचं म्हणणं उमगलं.

“बाई, तुमचं मत?” धाकट्यांनी पुन्हा विचारलं.

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. खिडक्या बंद, पंखा नुसता आवाज करत होता. वाक्य मोडलं तर उद्या असले बाप रांग लावतील. पाळलं तर वेल्डर मरेपर्यंत आत. आपण लावलेल्या कुलपात आपणच अडकलो, असं त्यांना वाटलं.

इकडे कोशकारांची चुळबुळ सुरू झाली. वय झालेलं, त्यात सकाळपासून चहावर चहा. शेवटी ते ओशाळून म्हणाले, “जरा किल्ली काढा हो. फार वेळ नाही लागायचा.”

धाकट्यांनी लगबगीने कुलूप उघडलं. थोड्या वेळाने कोशकार रुमालाला हात पुसत परतले, हुश्श करून बसले. “धन्यवाद हं,” ते धाकट्यांना म्हणाले.

“धन्यवाद कशाला?” बाईंनी विचारलं.

“म्हणजे?”

“रिवाजात कुणालाच सूट नाही. यांनी किल्ली दिली नसती तर?”

“असं कसं? माणूस आहे मी!” कोशकार बोलून गेले आणि थांबले. बुद्धी तल्लख होती त्यांची. आपण काय बोललो हे ध्यानात येताच चष्मा काढून पुसत बसले.

“लक्षात आलं माझ्या,” ते हळूच म्हणाले. “पण आज तुम्ही हे दार उघडलंत, की तो बाप त्यातूनच आत येईल. त्याला कसं अडवाल?”

“बाप कोंडण्याचा हक्क मागत होता. हा न कोंडलं जाण्याचा मागतोय.”

“हा फरक कुठे लिहिलाय?”

“कुठेच नाही,” बाई म्हणाल्या. कोशकारांचं काही चुकत नव्हतं. न लिहिलेलं वाचायची मुभा घेतली, की उद्या या खुर्चीत बसणारा काय वाचेल, याची हमी कोण देणार? या भीतीतून सुटका नव्हती. पण एका बापाचं तोंड बंद करायला आपण गरजेपेक्षा मोठं कुलूप लावलं, हे आता त्यांना लख्ख दिसत होतं आणि त्याची लाज वाटत होती.

“वाक्य माझं, चूकही माझीच,” त्या म्हणाल्या. “मागे घेते. सोडा त्याला.”

दुपारी निकाल वाचला. मागच्या बाकावर त्या बापाचा जुना वकील बसला होता, आणि मान वर न करता शब्दन्‌शब्द टिपून घेत होता. बाईंनी त्याला पाहिलं. तरी त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

पहारेकरी बाजूला झाला. वेल्डर चालत दारापाशी गेला आणि हात खाली सोडून दारासमोर नुसता उभा राहिला. कुणीतरी येऊन उघडेल, याची वाट बघत.

“ढकल की, उघडंच आहे,” पहारेकरी म्हणाला.

वेल्डर वळला. “उपकार झाले,” तो बाईंना म्हणाला.

“उपकार नाहीत!” बाईंचा आवाज एवढा चढला की लघुलेखक दचकला.

“मॅडम, हे नोंदीत घेऊ का?” त्याने विचारलं. शेजारी कोशकारही त्यांच्याकडे बघत राहिले.

“घ्या,” बाई म्हणाल्या. “लिहिलेलं नव्हतं, म्हणून तर त्याचे केस पिकले.”