परत बसवायचे

आमच्या गाडीचा एक स्क्रूही मी तेहतीस वर्षांत बदलू दिला नव्हता. हे मी अभिमानाने सांगतो, आणि माझी बायको वृंदा तक्रार म्हणून सांगते. गाडी १९६१ सालची, इंग्लंडमध्ये बनलेली, दोन सीटची, बिनछपराची स्पोर्ट्स कार. बँकेत बदली होऊन मी कोलकात्याला आलो, तेव्हा ती मला बागबाजारच्या एका गोदामात धूळ खात पडलेली सापडली. निवृत्तीनंतर आम्ही इथेच, कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये राहिलो. लोकांना वाटतं, मुलगी न्यू टाउनला नोकरी करते म्हणून. त्यांना वाटू दे.

दर जानेवारीत जुन्या गाड्यांची रॅली असते. मी चालवायचो आणि वृंदा शेजारी बसून, मांडीवर रस्त्याचा कागद आणि हातात घड्याळ घेऊन, वाट दाखवायची. "अहो, डावीकडे म्हटलं ना! डावा हात कुठला ते तरी माहीत आहे का?" अशी ओरडायची की शेजारच्या बसमधले लोक खिडकीतून डोकावायचे. परीक्षक गाडीच्या अस्सलपणाला गुण द्यायचे, आणि आमचे दहापैकी नवाच्या खाली कधी आले नाहीत. वळणावर धरायला एक साधी मूठ लावा, असं तिने मला एकदा सांगितलं होतं. मी म्हटलं, कंपनीने दिलेली नाही. त्यानंतरही ती दरवर्षी दाराची कड धरून बसत राहिली.

गेल्या वर्षी ती बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता कायमचं लक्षात ठेवा, बुटक्या जागी बसायचं नाही, पाय मुरडायचा नाही, धक्के टाळायचे. आणि आमच्या गाडीत बसणं म्हणजे जवळजवळ पाटावर बसणं.

"यंदा मंदारला न्या," वृंदा म्हणाली. "मी गेटवरून टाटा करीन." मंदार आमचा जावई. सज्जन माणूस आहे, पण त्याला माझ्यावर ओरडता येत नाही. आणि खरं सांगायचं तर मला वृंदाशिवाय ती गाडी चालवायचीच नव्हती.

बागबाजारचे निमाईदा पंचवीस वर्षं या गाडीचे मिस्त्री. मी त्यांना म्हटलं, गाडीत बदल करायचे आहेत. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला आणि विचारलं, "दादा, शरीर ठीक आछे तो?"

दोन महिने काम चाललं. मूळ इंजिन थडथड उडायचं, गियर टाकताना हिसका बसायचा. ते काढून एका छोट्या जपानी गाडीचं शांत इंजिन बसवलं, आपोआप गियर बदलणारं. वृंदासाठी उंच, बाहेरच्या बाजूला फिरणारी सीट आली. काढलेला प्रत्येक भाग मी स्वतः पुसला. आम्हा जुन्या गाडीवाल्यांचा एक नियम आहे: काहीही बदला, पण ते पुन्हा पहिल्यासारखं करता आलं पाहिजे. म्हणून बॉडीला हात लावायचा नाही. इंजिन निमाईदांकडे ताडपत्रीत गुंडाळून ठेवलं, आणि लहान भाग खोक्यात भरून आमच्या बाल्कनीत. खोक्यावर मी जाड मार्करने लिहिलं: 'ओरिजिनल. जपून ठेवणे. परत बसवायचे.'

डिसेंबरात वृंदाला गॅरेजमध्ये नेलं. ती सीटवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिली. मग काठी बाजूला ठेवून बसली. सीट फिरली, पण पाय आत जाईना. दार अरुंद आणि खालची कड उंच. तिसऱ्या वेळी तिच्या तोंडून "आई गं" निघालं.

"दरजा काटते होबे," निमाईदा म्हणाले. म्हणजे दार कापायचं: मागच्या बाजूला वीतभर वाढवायचं, कड खाली घ्यायची, खालून लोखंडी चौकटीचा आधार द्यायचा.

"बॉडी कापायची नाही!" मी ताडकन म्हणालो. वृंदाने ते ऐकलं, काठी घेतली आणि टॅक्सीकडे चालू लागली.

दोन दिवसांनी मी बाल्कनीत चहा घेत होतो. ती उन्हात बसायला आली. खोक्यावरचं तिने सावकाश वाचलं.

"अहो, हे परत कधी बसवायचे?"

मी उत्तर द्यायला निघालो आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. तिचा खुबा काही मूळचा होणार नव्हता. ती आहे तोवर तिला ती सीट लागणार होती. म्हणजे हे भाग परत बसवायची वेळ एकच होती, आणि मी त्या वेळेची तयारी करून खोकं तिच्याच बाल्कनीत ठेवलं होतं.

"वृंदा, माझ्या मनात तसं काही..."

"माहीत आहे हो. तुम्ही विचार कुठे करता, तुम्ही लेबलं लावता," ती म्हणाली आणि हसली. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीत खोकं आणि वृंदा, दोघांना घेऊन मी बागबाजारला गेलो. निमाईदांच्या ओळखीत कुणाकडे तरी अशीच एक गाडी भागांवाचून पडून होती. "सगळं त्यांना देऊन टाका," मी म्हटलं. "इंजिनसुद्धा." त्यांनी तीनदा विचारलं, मी तीनदा तेच सांगितलं. मग ते खडू घेऊन आले. कुठपर्यंत कापायचं?

"तिला विचारा."

वृंदाने खडू घेतला आणि गाडीच्या हिरव्या रंगावर रेघ ओढली. थोडी वाकडी आली. निमाईदा पट्टी लावून ती सरळ करायला निघाले, मी त्यांना थांबवलं. कटरच्या ठिणग्या उडायला लागल्या तशी मी मान फिरवली. वृंदाने माझा हात धरला आणि सोडला नाही.

जानेवारीत परीक्षक आमच्या दारापाशी थबकले. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी कुणाचा तरी खून केलाय. अस्सलपणाला दहापैकी शून्य.

वृंदा कुणाचा हात न घेता बसली. सीट आत फिरवली, पाय आत घेतला, दार स्वतः ओढून लावलं. गाडी निघाली. पहिल्या वळणावर तिचा डावा हात सवयीने दाराच्या कडेकडे गेला आणि तिथे लावलेल्या पितळी मुठीवर थांबला.

"कंपनीने दिली वाटतं?" ती म्हणाली.

मग पुढच्या चौकात ती इतक्या जोरात ओरडली, "डावीकडे! अहो, डावीकडे!" की ट्रॅफिक पोलीससुद्धा दचकला. मी डावीकडे वळलो.