विनाकारण क्षमस्व

ज्या घरात दोन मुली खणखणीत आवाजात बोलतात, त्या घराला जगातली कुठलीही सत्ता वाकवू शकत नाही.

हे तेजस्वी वाक्य बस स्थानकाच्या निवेदकाने रविवारी सकाळी उच्चारलं. उच्चारलं ते बाथरूमचं दार आतून लावून, नळ पूर्ण सोडून, आरशासमोर, आणि इतक्या हळू की आरशावर वाफसुद्धा धरली नाही.

तेवढ्यात दाराबाहेर कुणीतरी घसा साफ केला.

"कृपया इकडे लक्ष द्या. बाथरूमकडे गेलेले बाबा आज अठरा मिनिटं उशिराने धावत आहेत. कारण, ते आरशाशी बोलत आहेत. आईची झालेली गैरसोय…"

"आणि हत्तीची," दुसरा, अधिक बारीक आणि अधिक टोकदार आवाज म्हणाला.

पहिला आवाज थोरलीचा, वय सात. दुसरा धाकटीचा, वय साडेचार. हत्ती कापडाचा, कान एकच, वय कुणालाच ठाऊक नाही. इमारतीने थोरलीचं नाव भोंगा ठेवलं होतं आणि धाकटीचं पिपाणी. ठेवणाऱ्यांचा हेतू टोमणा मारण्याचा होता. पण दोघींनी ती नावं पदवी मिळाल्यासारखी स्वीकारली आणि खडूने दारावर लिहून टाकली.

दोष म्हणाल तर निवेदकाचाच. एकवीस वर्षं तो बस स्थानकाच्या काचेच्या खोलीत माइकसमोर बसत होता. शाळेला सुट्टी असली की मुलींना ठेवायचं कुठे, म्हणून तो त्यांना बरोबर न्यायचा. त्या टेबलाखाली रंगीत खडू घेऊन बसायच्या आणि वरून बापाचा आवाज पडत राहायचा. धंद्यातला नियमही त्याने हौसेने शिकवला होता. निवेदनात तीन गोष्टी पाहिजेत: कोण, कुठे, किती उशीर. आणि क्षमा मागायची असेल तर आधी कारण सांगायचं. कारण न देता क्षमा मागितली की प्रवाशाला वाटतं, हे काहीतरी लपवताहेत.

मुलींनी आईबापांचं बाकी काही ऐकलं नाही. दात घासा, मोजे जोडीने ठेवा, हत्तीला डाळ भरवू नका, हे सगळं वाऱ्यावर गेलं. हे तेवढं मात्र काळजावर कोरलं गेलं.

मग गॅलरीतून निवेदनं सुरू झाली. चौथ्या मजल्यावरच्या काकूंचं दूध आलेलं आहे, काकू अजून निघालेल्या नाहीत. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली आहे, कारण तिसऱ्या मजल्यावरचे काका दारात पाय घालून फोनवर बोलत आहेत. सुरुवातीला लोक हसले. काकूंना दूध नासायच्या आत मिळू लागलं. पण एका मंगळवारी भोंग्याने गॅलरीच्या कठड्याला हनुवटी टेकवून जाहीर केलं:

"अध्यक्षकाकांनी लक्ष द्यावं. आपली कचऱ्याची पिशवी दुसऱ्या मजल्याच्या दारात उभी आहे. ती रोजच तिथे उभी असते. कृपया आपली पिशवी ओळखून घेऊन जावी."

"तिच्यातून पाणी गळतंय," पिपाणीने पुरवणी जोडली.

अध्यक्ष म्हणजे रहिवासी समितीचे अध्यक्ष, निवृत्त वजनमापे निरीक्षक. आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू तपासलेला माणूस. त्यांच्या पिशवीचं माप असं चौकात निघालं, आणि पाच दिवसांत निवेदकाच्या दारात नोटीस आली. मुलींच्या आरडाओरड्यामुळे इमारतीची शांतता धोक्यात आली आहे. सबब येत्या सभेत पालकांनी लेखी माफी वाचून दाखवावी आणि मुली गॅलरीत, जिन्यात व अंगणात मोठ्याने बोलणार नाहीत अशी हमी द्यावी. अन्यथा समिती 'हरकत नाही' पत्र देणार नाही.

इथे खरी मेख होती. घर भाड्याचं. घरमालक दरवर्षी ते पत्र मागायचा. पत्र नाही तर महिन्याभरात बाडबिस्तरा आवरायचा, आणि मुलींची शाळा तर समोरच, रस्ता ओलांडला की.

निवेदकाने माफी लिहिली. त्याला काय कठीण? फुटलेले टायर, बंद पडलेली इंजिनं, न आलेले ड्रायव्हर, या सगळ्यांच्या वतीने त्याने इतकी क्षमा मागितली होती की लग्नाच्या मांडवात बायकोला हार घालतानाही त्याच्या तोंडून 'क्षमस्व' निघून गेलं होतं. तो मजकूर त्याने तिला दाखवला. ती ग्रंथालयात काम करायची, 'शांतता राखा' या पाटीखाली. हमीचा भाग वाचून तिने कागद परत दिला.

"शांतता राखायची नोकरी मी दिवसाचे आठ तास करते," ती म्हणाली. "घरी येऊन ओव्हरटाईम करणार नाही. तुला वाचायचं तर वाच. पण मुलींना घेऊन जा. त्यांच्यासमोर वाच."

बायकोने आरडाओरडा केला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

सभा त्याच आरशाच्या रविवारी संध्याकाळी, तळमजल्यावर, सायकली ठेवायच्या जागेत. सायकली बाहेर, प्लास्टिकच्या खुर्च्या आत. अध्यक्ष टेबलामागे, टेबलावर घंटी, आणि घंटीशेजारी ते पत्र, सहीवाचून. पहिल्या मजल्यावरच्या आजी नेहमीप्रमाणे पुढच्या रांगेत. त्यांना ऐकू कमी यायचं, पण सभा चुकवायच्या नाहीत. मागच्या रांगेत बायको, तिच्या एका बाजूला भोंगा, दुसऱ्या बाजूला पिपाणी, पिपाणीच्या मांडीवर हत्ती.

आधी अध्यक्षांनी प्रास्ताविक केलं. मुलीच्या जातीने कसं हळू बोलावं, आपल्या बोलण्याचा आवाज उंबऱ्याच्या आत कसा राहावा, आज ऐकून घेतलं तर उद्या या सासरी काय दिवे लावतील, वगैरे. पाचव्या मजल्यावरच्या कुणीतरी विचारलं की मग तुमच्या पुतण्याच्या ड्रमचं काय. त्यावर अध्यक्ष म्हणाले की ती कला आहे, आणि मुलगे म्हटले की चालायचंच.

निवेदक उभा राहिला. कागद उघडला. सवयीने घसा साफ केला, आणि काचेच्या खोलीतला तो मऊ, मखमली आवाज बाहेर आला.

"माझ्या मुलींच्या बोलण्यामुळे रहिवाशांची जी गैरसोय झाली, त्याबद्दल…"

"कारण?" मागून भोंगा म्हणाला.

उर्मटपणा नव्हता. तिने ते अगदी सहकाऱ्याने विचारावं तसं विचारलं होतं. बाबा एक ओळ गाळतोय, एवढंच तिचं म्हणणं.

निवेदकाने कागदात पाहिलं. कागद उलटा करून पाहिलं. पूर्ण पानभर क्षमा होती; कारण कुठेच नव्हतं.

"अध्यक्षसाहेब," तो म्हणाला, "एक विचारायचं राहिलं. यांचं कुठलं निवेदन चुकीचं होतं?"

अध्यक्ष म्हणाले, प्रश्न चूक-बरोबरचा नाही, आवाजाचा आहे.

"बरं. दूध आलं होतं की नव्हतं?"

चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी मान हलवली. आलं होतं.

"लिफ्ट?"

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी आपल्या पायाकडे पाहिलं.

"पिशवी?"

 दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी पदर नाकाला लावला, आणि ते पुरेसं होतं. अध्यक्षांनी घंटी वाजवली. ते म्हणाले, हे न्यायालय नाही. आपण माफी वाचणार आहात की घर शोधणार आहात, तेवढं सांगा.

  निवेदकाने कागदाची घडी घातली, घडीची घडी घातली, आणि ती खिशात ठेवली.

"एकवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्यांबद्दल क्षमा मागतोय. त्यातली एकही मी चालवत नव्हतो," तो म्हणाला. "या दोन मात्र माझ्या आहेत. आणि या वेळेवर आहेत. यांच्याबद्दल मी क्षमा मागणार नाही. पत्र द्या, नका देऊ. घर बदलेन, पण यांचा आवाज बदलणार नाही. नव्या इमारतीतही गॅलरी बघूनच घेईन."

  मागच्या रांगेत बायकोने पिपाणीचा हात इतका घट्ट धरला होता की पिपाणीने तो सोडवून घेतला.

मग पुढच्या रांगेतल्या आजी काठी टेकत उठल्या.

"मला काय ते नीट कळलं नाही," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "तू बोलतोस ते मला ऐकूच येत नाही रे. या इमारतीत वर्षानुवर्षं सगळे नुसतं तोंड हलवतात. ऐकू येतं ते फक्त या दोन पोरींचं. त्यांना गप्प केलंस तर मला माझं औषध आलं हे कोण सांगणार? तू येणारेस वर? लिफ्ट तर कायम तिसऱ्यावर अडकलेली."

अध्यक्षांचे गुडघे अधू होते. त्यांनी जिन्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

पत्र द्यावं वाटतं त्यांनी हात वर करा, असं पाचव्या मजल्याने म्हटल्यावर आधी आजींचा गेला, मग काकूंचा, मग पाचवा मजला, मग पदर खाली ठेवून दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी अर्धा वर केला. लिफ्टच्या बाबतीतही ते असेच अर्धे आत अर्धे बाहेर असायचे. हमी नको, माफी नको, पत्र द्या. अध्यक्षांनी सही केली. पेन उमटेना, म्हणून दोनदा करावी लागली.

आता इथे थांबायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच एखादी लढाई जिंकलेला माणूस थांबत नाही. पत्र हातात येताच निवेदकाच्या अंगात एकवीस वर्षांच्या सगळ्या न दिलेल्या उत्तरांनी संचार केला. तो खुर्चीवर चढला. आणि माइक नसताना, पूर्ण छातीने, बाहेरच्या सायकलींच्या घंट्या थरथरतील अशा आवाजात सुरू झाला:

"आणि आणखी एक लक्षात ठेवा. या घरातल्या मुली आज बोलतील, उद्या बोलतील, आणि अख्ख्या जगाने कानात बोळे घातले तरी…"

त्याच्या पँटला खालून ओढ बसली. पिपाणी होती. तिने एककानी हत्ती खांद्यावर टाकला होता आणि त्याच्या पाठीवर थोपटत होती. जन्मापासून एकदाही जे केलं नव्हतं ते तिने केलं. ओठांवर बोट ठेवलं, आणि कुजबुजली.

"बाबा, हळू बोल ना. हत्ती आत्ताच झोपलाय."

निवेदक खुर्चीवरून खाली उतरला.

"क्षमस्व," तो म्हणाला. कारण होतं.

"आणि त्याला वर नेऊन ठेव," पिपाणी म्हणाली. "माझे हात दुखले."