मालकांची झोप

माझ्या मालकांचा श्वास झोपेत तासाला बावीस वेळा अडतो. हे मला डॉक्टरांनी नाही, मालकांनीच सांगितलं, आणि मला एकट्याला नाही. सोलापूरच्या पेट्रोल पंपावर, टेंभुर्णीला चहा पिताना, पुण्यात लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसालासुद्धा त्यांनी ते सांगितलं आहे. सुदर्शनशेठ चौदा ट्रकचे मालक. पूर्वी ओळख करून देताना चौदाचा आकडा सांगायचे, हल्ली बावीसचा सांगतात.

मी संपत, त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर, अकरा वर्षं झाली. दर पंधरवड्याला आम्ही सोलापूरहून कामासाठी पुण्याला येतो आणि दोन-तीन रात्री मुक्काम करतो. म्हणजे मालक हॉटेलात करतात, आणि मी हॉटेलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, गाडीच्या पुढच्या सीटवर.

डॉक्टरांनी मालकांना मशीन दिलं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीला पेटी. पेटी रात्रभर हवा ढकलत राहते आणि श्वास अडू देत नाही. पुणे स्टेशनजवळच्या आमच्या नेहमीच्या हॉटेलात हे मशीन पहिल्यांदा गेलं तेव्हा निम्मं हॉटेल कामाला लागलं. पलंग खिडकीशी आणि प्लग टीव्हीच्या मागे. मालकांनी रिसेप्शनवरच्या ऋतिका मॅडमना फोन लावला.

"अहो, एक्स्टेन्शन बोर्ड पाठवा. मला झोपताना मशीन लावावं लागतं."

"बोर्ड एकच आहे आणि तो दुसऱ्या गेस्टकडे आहे."

"मग मी झोपू कसा?"

"आपण पलंग सरकवू शकता सर. जाताना जागेवर ठेवा."

पलंग अर्थातच मी सरकवला. मग मशीनच्या टाकीत घालायला डिस्टिल्ड वॉटर हवं झालं. हॉटेलनं लिंबाची फोड टाकलेलं कोमट पाणी पाठवलं. शेवटी तीन मेडिकल पालथी घालून मी बाटली आणली आणि पार्किंगमध्ये येऊन सीट मागे केली.

सकाळी मालक गालांवर मास्कचे वळ घेऊन, ताजेतवाने होऊन खाली यायचे. "संपत, काय झोप लागली म्हणून सांगू!" मी मान डोलवायचो. रात्रभर वाकडी पडलेली मान डोलवणं सोपं नसतं, पण नोकरी आहे.

एकदा हडपसरच्या सिग्नलला माझा डोळा लागला. हिरवा दिवा लागून गेला, मागच्यांनी हॉर्नचा नुसता उच्छाद मांडला. मालक रागावतील असं वाटलं होतं, पण ते चक्क खूश झाले. "तुलाही तेच आहे! घोरतोस ना? दुपारी डोळे मिटतात ना?" आजार झाल्यापासून ते अर्धे डॉक्टर झाले होते आणि मी त्यांचा पहिला पेशंट. त्यांनी मला त्यांच्याच डॉक्टरकडे नेलं. एक रात्र बोटाला चिमटा आणि छातीला पट्टा लावून झोपलो. रिपोर्ट आला: तासाला एकेचाळीस.

मालकांचा चेहरा उतरला. गाडी नाही, बंगला नाही, निदान आजार तरी मालकापेक्षा लहान असावा, इतकीही समज मी दाखवली नव्हती. हडपसरच्या गाडीतळाशी आल्यावर म्हणाले, "चिमटा सैल बसला असणार तुझा."

पण माणूस वाईट नाही. त्यांनी स्वतःसाठी प्रवासाचं लहानसं मशीन घेतलं आणि जुनं मला दिलं. देतानाचा फोटो काढून ट्रकमालकांच्या ग्रुपवर टाकला. टेक्निशियननं हवेचा जोर माझ्यापुरता लावून दिला, मास्क नवा बसवला. मोहोळला घरी पहिल्या रात्री माझ्या बायकोनं, चंद्रभागेनं, मला दोनदा हलवून उठवलं. घोरणं ऐकू येईना म्हणून तिला वाटलं, गेला. आठवड्याभरात माझं डोकं दुखायचं थांबलं. जेवणानंतर डोळे उघडे राहायला लागले. इतकी वर्षं मी स्वतःला आळशी समजत होतो, त्याचं मला फार वाईट वाटलं.

अडचण पुण्याची होती. तळघरात प्लग नव्हता असं नाही. दोन होते, दोन्ही इलेक्ट्रिक गाड्यांसाठी. रात्री दोन गाड्या नळी लावून गाढ झोपलेल्या असायच्या आणि मी मशीन मांडीवर घेऊन त्यांच्याकडे बघत बसायचो. वॉचमन गेनबा म्हणाला, "माझी काय ना नाय, पर वर इचार." वर विचारलं.

"काका, ती सोय गाड्यांसाठी आहे," ऋतिका मॅडम म्हणाल्या.

"एक गाडी सकाळी लवकर काढतात, मॅडम. मग तरी?"

"आपली गाडी इलेक्ट्रिक आहे का?"

"गाडी डिझेलची हाय. मी लावणार."

"मग नाही."

मालकांना सांगितलं तर म्हणाले, "दोन रात्रींनी काय होतंय? घरी लावतोस ना?" स्वतः मात्र एक रात्र मशीन चुकलं तर दुसऱ्या दिवशी बँकेतसुद्धा पाऊल टाकत नाहीत.

मग मी गाडीच्या सॉकेटला लावायचा इन्व्हर्टर घेतला. त्या रात्री तळघरात, डासांच्या संगतीत, मी राजासारखा झोपलो. सकाळी चावी फिरवली आणि गाडीनं नुसतं टक् केलं. रात्रभरात मशीननं बॅटरी पिऊन टाकली होती. नेमकं साडेनऊला मालकांचं भाषण होतं. वाहतूकदारांच्या संघटनेनं रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम ठेवला होता आणि ड्रायव्हरची काळजी घेणारे मालक म्हणून त्यांचा सत्कार होता.

"गाडीत काय लावलं होतंस?"

"मशीन."

"झोपण्यासाठी माझी गाडी मारलीस?"

रिक्षानं गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदाच आम्ही एका सीटवर बसलो. मालक बाहेर बघत होते आणि मी नोकरी गेली असं धरून चाललो होतो.

स्टेजवर मालक छान बोलले. "ड्रायव्हरची झोप ही मालकाची जबाबदारी आहे," असं म्हणाले. टाळ्या पडल्या. मग पुरावा म्हणून मला वर बोलावलं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, "काका, पुण्यात मुक्काम असतो तेव्हा मशीन कुठे लावता?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. पण रात्रभर झोप झाली होती आणि डोकं साफ होतं. "गाडीत लावतो," मी म्हणालो. "हॉटेलात गाड्यांना प्लग हाय, ड्रायव्हरला नाय. काल गाडीच्या बॅटरीवर झोपलो, म्हणून आज आम्ही रिक्षानं आलो."

लोक हसले, मग हसायचे थांबले. मालकांनी माझ्या हातातून माइक जवळजवळ हिसकावला. "आजपासून, जिथे जिथे माझा मुक्काम, तिथे तिथे माझ्या ड्रायव्हरला खोली!" भाषणाला पडल्या नव्हत्या इतक्या टाळ्या पडल्या. मी खरंच हरखलो. स्टेजमागूनच चंद्रभागेला फोन केला की पुढच्या वेळेपासून पलंगावर झोपणार, प्लगसकट.

पुढच्या पंधरवड्यात मालक म्हणाले, "संपत, आता मुक्काम बंद. दोन-तीन दिवस रोज पहाटे चारला निघायचं, काम उरकायचं, रात्री परत." माणूस शब्दाचा पक्का. मुक्काम तिथे खोली देईन म्हणाले होते, मुक्कामच ठेवला नाही.

आता घरी पोचायला रात्रीचे दोन वाजायचे. आंघोळ, चहा नि परत स्टेअरिंग. येता-जाता मालक मागच्या सीटवर आडवे. प्रवासाचं मशीन माझ्याच इन्व्हर्टरला लावलेलं, नाकावर मास्क. "तुझीच आयडिया," असं कौतुकही करायचे. माझं मशीन मागे डिकीत पडून.

तिसऱ्या खेपेला, रात्री दहाच्या सुमारास लोणी काळभोरजवळ समोर ट्रकचे लाल दिवे एकाएकी मोठे झाले. मी ब्रेक कधी दाबला ते मला आठवत नाही. त्याआधीचा रस्ताही आठवत नाही. गाडी थांबली तेव्हा मागे मालक शांतपणे मशीनची हवा घेत झोपले होते. इतका राग मला अकरा वर्षांत आला नव्हता.

पुढच्या पंपावर, दिव्याखाली गाडी घेतली. इंजिन चालू ठेवलं, काचा खाली केल्या आणि त्यांच्या मशीनची पिन उपसली.

मालक धडपडून उठले. "आलं सोलापूर?"

"लोणी काळभोर."

"मग थांबलास का?"

"डोळा लागला मालक. ट्रक दोन हातांवर हुता."

मी डिकीतून माझी पेटी आणली आणि पिन लावली.

"अरे, माझं मशीन?"

"सॉकेट एकच हाय."

"मग मी झोपू कसा?"

"तुम्ही नका झोपू. इंजिन बंद पडू देऊ नका. नायतर असं करा, गाडी तुम्ही चालवा, मी मागं पडतो."

मालक खाली उतरले. पुढच्या दारापर्यंत आले, हँडलला हात लावला. हायवेवरून उसाच्या ट्रॉल्या, टँकर, कंटेनर एकामागून एक धडधडत जात होते. तिकडे बघत त्यांनी हँडल सोडलं आणि ते मागच्या सीटवर जाऊन बसले.

"दोनच तास हां," ते म्हणाले.

मी मास्क चढवला आणि चार तास झोपलो. मला उठवायची त्यांची छाती झाली नाही.