न मारलेले ऐंशी फटके

मी एक बॅट आहे. बेसबॉलची, लहान मुलांच्या मापाची. लाकडाची नाही, काळ्या कार्बनचे धागे चिकात भिजवून, गुंडाळून, भट्टीत भाजून मला घडवलं. इथपर्यंत मी मान वर करून सांगू शकते. पुढचं तसं सांगता येईलच असं नाही.

माझ्या जातीच्या बॅटा दुकानातून येतात तेव्हा नुसत्या दिसायला तयार असतात. अंगातले धागे ताठ असतात, चेंडू बसला की मारणाऱ्याच्या हाताला झिणझिण्या येतात. दोनेकशे फटके खाल्ले की ते धागे सैलावतात आणि चेंडू उसळून जायला लागतो. पण फटके कसेही मारून चालत नाहीत. आधी हलके, मग जोराचे, आणि प्रत्येक फटक्यानंतर मला हातात जरासं फिरवायचं, म्हणजे मी सगळ्या अंगाने सारखी रुळते. कडक थंडीत तर मला मारायचंच नाही; तडा जातो.

अमेरिकेत, आयोवातल्या एका गावात मला घेतलं ब्रिनसाठी. ब्रिन अकरा वर्षांची. तिचे वडील रॉस तिच्याच टीमचे कोच. घरात तिसरं माणूस लेना, रॉसची नवी बायको, लग्नाला चार महिने झालेली. ब्रिन तिच्याशी वाईट वागायची नाही. पाहुण्यांशी वागतात तशी वागायची, प्रत्येक गोष्टीला 'थँक यू' म्हणून. लेनाला तेच जास्त लागायचं.

लेनाला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणूनच असेल, माझ्याबरोबर आलेला कागद घरात तिने एकटीने वाचला. रॉसने तो खोक्यासकट टाकून दिला होता. वाचून तिने ब्रिनला विचारलं, मी चेंडू टाकू का तुला?

"टाक, तुला वेळ असेल तर," ब्रिन म्हणाली.

मग रोज शाळा सुटल्यावर घरामागे जाळी लावून दोघी उभ्या राहायच्या. म्हणजे ब्रिन उभी. लेना पालथ्या बादलीवर बसून बाजूने हलकेच चेंडू उडवायची. ब्रिन मारायची, मला फिरवायची, आकडा मोठ्याने म्हणायची. पहिल्या पन्नासात आकड्यांपलीकडे बोलणं नव्हतं. साठ-सत्तरच्या सुमारास शाळेतल्या बाईंच्या नकला सुरू झाल्या. शंभर ओलांडल्यावर एके दिवशी ब्रिन चेंडू उचलता उचलता म्हणाली, वेगाचा चेंडू आला की मी डोळे मिटते, डॅडला सांगू नकोस. लेनाने सांगितलं नाही. मीही आजच सांगतेय.

एकशे वीस झाले आणि गेलेली थंडी परत आली. चार दिवस बाहेर पाऊल टाकवेना. शनिवारी पहिला सामना. रॉस वैतागला.

"तुम्ही दोघी बॅट तयार करताय की लोणचं मुरवताय?"

लेनाने त्या कागदाचं नाव काढलं. तो हसून म्हणाला, कागद वाचून खेळणारी टीम मी अजून पाहिली नाही.

गुरुवारी दुपारी तो मला त्याच्या मित्राच्या, ड्वेनच्या गॅरेजमध्ये घेऊन गेला. तिथे दोन रुळांचं एक यंत्र होतं. चरकात ऊस घालावा तसं मला त्यात घातलं, दाब वाढवत पुढे नेलं, मागे आणलं, वळवलं, पुन्हा घातलं. आत धागे कुरकुरत तुटत होते, ते फक्त मला ऐकू येत होतं. पंधरा-वीस मिनिटांत सगळं झालं. अशी दाबलेली बॅट चेंडू नको इतक्या वेगाने उडवते, म्हणून सामने भरवणाऱ्या लीगच्या नियमात हे बसत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. नाहीतर भर दुपारी गॅरेजचं दार अर्धं ओढून कशाला घेतलं असतं?

घरी येऊन रॉसने सांगितलं की उरलेले ऐंशी फटके मीच सरावाच्या बंदिस्त हॉलमध्ये मारून टाकले. त्याला वाटलं, ब्रिन खूश होईल.

"ते आमचे होते," ती म्हणाली आणि खोलीत गेली.

शनिवारी पंचांनी मला हातात घेतलं, बोटं फिरवून तडा चाचपला, लीगच्या मान्यतेचा शिक्का पाहिला आणि परत दिलं. त्या वेळी मला बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

दुसऱ्या इनिंगमध्ये ब्रिनने मारलेला चेंडू कुंपणापार गेला. धावत फेरी पूर्ण करताना तिने वडिलांकडे नाही, लेनाकडे पाहिलं. लेना टाळ्या वाजवत होती, पण तिची मान जराशी कलली होती. एकशे वीस फटके तिने हातभर अंतरावरून ऐकले होते. माझा आवाज तिला घरातल्या दाराच्या आवाजासारखा पाठ होता, आणि हा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. तिने रॉसकडे पाहिलं. रॉस हातातली खेळाडूंची यादी उगाच उलटसुलट करत होता.

तिला कळलं. आणि ती गप्प बसली. नवं घर, नवा नवरा, समोर अख्खं गाव. संध्याकाळी विचारू, असं तिने ठरवलं असणार.

चौथ्या इनिंगमध्ये चेंडू माझ्यावरून सरळ निघाला तो चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या तोंडावर. कॅलम ओडल, ब्रिनच्याच वर्गातला. त्याचा हातमोजा वर येईपर्यंत चेंडू लागून गेला होता. तो खाली बसला. लगेच रडलासुद्धा नाही. डोळा वाचला, गालाचं हाड मोडलं.

गाडीत मी मागच्या सीटवर ब्रिनच्या पायाशी होते. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, मी इतक्या जोरात मारायला नको होतं. रॉस गाडी सुरू करेना.

"रॉस, तिला सांग," लेना म्हणाली.

"काय सांगू?"

"तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. पण तू सांगावंस."

त्याने सांगितलं, स्टिअरिंगकडे बघत. ब्रिनचं रडणं थांबलं. तिने वडिलांना काही विचारलं नाही, लेनाला विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"दुसऱ्या इनिंगपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"भीती वाटली," लेना म्हणाली. पुढे कारण जोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिघं मला घेऊन ओडलांच्या दारात गेली. रॉसने जे होतं ते सांगितलं. कॅलमच्या वडिलांनी आवाज चढवला नाही. मला उजेडात धरून सगळीकडून पाहिलं आणि म्हणाले, "हिच्यावर तर काहीच दिसत नाही." एवढं लाजिरवाणं मला कुणी कधी बोललं नाही.

रॉसचं कोचपद गेलं. मला लीगने ठेवून घेतलं आणि करवतीने उभं चिरलं. आता दर वर्षी मोसमाआधी पालकांची सभा भरते, तेव्हा माझी अर्धी बाजू हातोहात फिरवतात, आत काय होतं ते दिसावं म्हणून. कुणाच्या हातात गेले की मला एवढंच म्हणावंसं वाटतं, मुलांना त्यांचे फटके मारू द्या. सामना चुकला तर चुकू द्या.

यंदाच्या सभेला ब्रिन आणि लेना शेजारी बसल्या होत्या. वर्ष त्यांना कसं गेलं, मला ठाऊक नाही. मी कपाटात होते. मी त्यांच्यापर्यंत आले तेव्हा ब्रिनने आतल्या विस्कटलेल्या धाग्यांवरून बोट फिरवलं.

"यातले आपले कुठले आणि यंत्राचे कुठले?"

लेनाने वाकून बराच वेळ पाहिलं. "आता नाही गं कळायचं," ती म्हणाली.

मलाही सांगता येत नाही. द्या मला पुढच्या माणसाकडे.